पाणी आहे, पुरवठा नाही : छत्रपती संभाजीनगरच्या नागरी जलव्यवस्थेची चिकित्सा

प्रस्तावना

मराठवाड्यात शहरांच्या पाणीटंचाईची चर्चा बहुधा पावसापासून सुरू होते आणि धरणातील साठ्याच्या टक्केवारीपाशी येऊन थांबते. पाऊस कमी, म्हणून धरण रिकामे. धरण रिकामे, म्हणून नळ कोरडा, असा हा सरळ कार्यकारणभाव सर्वांना पटतो. प्रशासनाला तो सोयीचा वाटतो आणि नागरिकालाही परिचित असतो. परंतु २०१९, २०२० आणि २०२१ अशा सलग तीन पावसाळ्यांत जायकवाडीचा नाथसागर जवळजवळ पूर्ण भरला असूनही २०२२ च्या उन्हाळ्यात औरंगाबाद शहरातील अनेक वसाहतींना आठवड्यातून एकदाच पाणी मिळाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात पाण्यासाठी मोठा मोर्चा निघाला आणि घरगुती नळजोडणीची वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपयांवरून २,०२५ रुपयांवर आणली गेली. धरण भरलेले, नळ कोरडे आणि दर निम्मे ही तीन वस्तुस्थिती एकत्र ठेवल्यास वरील कार्यकारणभाव टिकत नाही. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे अधिकृत नाव असलेल्या या शहराच्या जलव्यवस्थेची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. विवेचनाचा बराचसा भाग नामांतरापूर्वीच्या काळाशी संबंधित असल्याने त्या संदर्भात औरंगाबाद हेच नाव वापरले आहे.

गणित स्रोताचे

प्रथम स्रोताचा प्रश्न निकालात काढणे आवश्यक आहे. १९९१ च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या ५,७३,२७२ होती. २००१ मध्ये ती ८,७३,३११ आणि २०११ मध्ये ११,७५,११६ झाली. म्हणजे वीस वर्षांत शहर दुपटीहून मोठे झाले. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर हे केंद्र शासनाच्या नियमावलीतील प्रमाण आहे. ते २०११ च्या लोकसंख्येला लावले तर दररोज सुमारे १६ कोटी लिटर आणि वर्षाकाठी सुमारे ५८ दशलक्ष घनमीटर पाणी लागते. टीएमसीच्या भाषेत ही गरज दोन टीएमसीच्या आसपास येते. जायकवाडीची उपयुक्त साठवण क्षमता २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी आहे. एका पूर्ण भरलेल्या वर्षाच्या उपयुक्त साठ्यातील तीन टक्के पाणीही या शहराच्या पिण्याच्या गरजेला लागत नाही. २०११ नंतरची वाढ धरून हा आकडा दीडपट केला तरी मुद्दा बदलत नाही.

नाथसागर हा उथळ आणि विस्तीर्ण जलाशय आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा पृष्ठभाग सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. वर्षभरात त्यावरून केवळ एक मीटर जाडीचा थर उडून जातो असे गृहीत धरले, तरी शहराच्या वार्षिक गरजेच्या सहापट पाणी उन्हाने नेले असे होते. दुष्काळात जलाशय मृतसाठ्यात जातो हे खरे आहे. पण तो मृतसाठाच ७३८ दशलक्ष घनमीटर आहे. तेथून पाणी घेण्यासाठी आपत्कालीन पंप बसवावे लागतात, गाळ येतो, खर्च वाढतो; तथापि पाणी नाही असे म्हणता येत नाही.

याला एक नैतिक बाजूही आहे. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. या धरणाखाली शंभराहून अधिक गावे बुडाली. पुढे नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून खाली पाणी सोडण्याचा प्रश्न चिघळत गेला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमात समन्यायी वाटपाची तरतूद झाली. मेंढेगिरी समितीने साठ्याच्या ६५ टक्क्यांचे सूत्र सुचविले आणि प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्या आधारे आदेश दिला. तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी नदीच्या दोन्ही टोकांना आंदोलने होतात व न्यायालयात धाव घेतली जाते. २०२३ मध्ये सुमारे साडेआठ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला, तेव्हाही हेच घडले. मराठवाड्याची मागणी न्याय्य आहे, यात शंका नाही. मात्र नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला ‘पिण्यासाठी’ असे सांगून जे पाणी मागितले जाते, त्यातील शहराच्या वाट्याचे पाणी शहरात पोहोचल्यावर त्याचा हिशेब कोण देतो, हा प्रश्न खालच्या टोकाने स्वतःला फारसा विचारलेला नाही.

नहरींचा दाखला आणि त्याची मर्यादा

या शहराच्या पाण्याविषयी लिहिताना नहरींचा उल्लेख अटळ असतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी ही राजधानी वसविली आणि त्यानंतरच्या दशकात नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालील बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत आणण्याची ही योजना होती. ठिकठिकाणी उभारलेल्या मनोऱ्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब नियंत्रित होई. पाणचक्कीची नहर अठराव्या शतकातील आहे. पाणी आधी खाली नेऊन मग उंचावर चढविण्याचे तिचे तंत्र आजही पर्यटकांना थक्क करते.

नहरींची स्वच्छता केली तर शहराची तहान भागेल, असे विधान सभा-संमेलनांतून अधूनमधून केले जाते. ते भावनिक आहे. नहर ज्या वस्तीसाठी होती ती आणि आजचे बारा-पंधरा लाखांचे शहर यांची तुलना संभवत नाही; शिवाय नहरींच्या पाणलोटावर आणि मार्गावर आज पक्की बांधकामे उभी आहेत. नहरीपासून घेण्यासारखा धडा निराळा आहे. ती बांधणाऱ्याने देखभालीची सोय बांधकामातच करून ठेवली होती. मनोरा, झडप, उतरण्याची विहीर यांमुळे दोष कोठे आहे हे शोधता येत असे. विसाव्या शतकात टाकलेल्या वितरण वाहिन्यांचा विश्वासार्ह नकाशा मात्र आपल्याकडील अनेक नगरपालिकांजवळ नव्हता. कोणती वाहिनी कोणत्या गल्लीखालून जाते आणि झडप कोठे आहे, हे ज्ञान लाइनमनच्या स्मरणात असे आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जात असे.

दुसरा फरक ऊर्जेचा आहे. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर आहे, तर शहर सरासरी ५६८ मीटर उंचीवर वसलेले आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यास, यंत्राची तूट आणि वाहिनीतील घर्षण अजिबात न धरता, ०.२७ युनिट वीज लागते. १६ कोटी लिटरसाठी हा आकडा दररोज सुमारे ४३ हजार युनिट होतो आणि प्रत्यक्ष खर्च याहून बराच अधिक असतो. म्हणजे या शहरात गळणारे पाणी नुसते पाणी नसते. त्यावर वीज आणि तुरटी-क्लोरिनचा खर्च होऊन गेलेला असतो. उताराने पाणी मिळणाऱ्या मुंबईसारख्या शहराने गळतीकडे दुर्लक्ष केले तर ती उधळपट्टी ठरते, पण शंभर मीटर उपसा करणाऱ्या शहराने तेच केले तर त्याची तिजोरी रिकामी होते.

खंडित पुरवठ्याचे शास्त्र

पाणी कमी पडते म्हणून एक दिवसाआड द्यावे, त्याहून कमी पडले तर तीन दिवसांआड द्यावे, या उपायातून बचत होते अशी सर्वसाधारण समजूत आहे. या विषयातील सर्वांत घातक समजूत बहुधा हीच असावी.

वाहिनी रिकामी झाली की तिच्यात ऋण दाब निर्माण होतो. सांधा सैल असेल तेथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते आणि शेजारून गटार जात असेल तर गटाराचेही. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले निर्दोष पाणी घरात गढूळ आणि दुर्गंधीयुक्त येण्याचे कारण अनेकदा हे असते. वाहिनी पुन्हा भरताना हवा कोंडते, जलाघात होतो आणि जुने सांधे आणखी सैल होतात. म्हणजे खंडित पुरवठ्याने गळती वाढते आणि वाढलेल्या गळतीमुळे खंड वाढवावा लागतो. आठ दिवसांचे पाणी एका तासात सर्वांनी एकाच वेळी ओढायचे असल्याने वाहिन्याही अपुऱ्या ठरतात; वास्तविक त्याच वाहिन्या चोवीस तासांत तेवढेच पाणी सहज वाहू शकल्या असत्या. शेवटच्या घरी दाब पोहोचत नाही, म्हणून ते घर टिल्लू मोटार लावते. मग शेजारचेही लावते, आणि मोटार नसलेल्या घराचा नळ फक्त हवा सोडतो.

ग्राहकाचे वर्तनही यानुसार घडते. पुढचा पुरवठा केव्हा येईल याची खात्री नसल्याने प्रत्येक घर हौद, टाक्या, पिंपे, हंडे भरून ठेवते. नवे पाणी आले की शिळे ओतून दिले जाते. सिडकोतील गृहिणीपासून जुन्या शहरातील किराणा दुकानदारापर्यंत सर्वजण हे करतात आणि त्यांच्या परिस्थितीत ते शहाणपणाचेच असते. पाणी आले असताना तोटी बंद ठेवण्याचे कारण कोणालाच नसते. कित्येक नळांना तोटीच नसते. ‘पाणी जपून वापरा’ हा फलक अशा व्यवस्थेत अगदीच केविलवाणा वाटतो.

या सर्वाचा भार समान पडत नाही. ज्याच्या बंगल्याखाली दहा हजार लिटरचा हौद आहे, त्याला आठ दिवसांचा खंड ही गैरसोय असते. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तेथे साठवणूक करायची म्हणजे झोपायची जागा पिंपांना द्यायची. शहराच्या कडेने वाढलेल्या शंभरावर गुंठेवारी वसाहतींपैकी अनेकांत तर वाहिनीच नाही. तेथे टँकर येतो. त्याचे पैसे आगाऊ भरावे लागतात आणि त्या दराने लिटरमागे मोजले तर गरिबाचे पाणी श्रीमंताच्या पाण्याहून महाग ठरते. २०१९ च्या उन्हाळ्यात मुकुंदवाडी रेल्वे स्थानकाजवळील वस्तीतील शाळकरी मुले पाणी आणण्यासाठी रेल्वेने औरंगाबाद स्थानकापर्यंत जात असल्याचे वृत्त देशविदेशांत प्रसिद्ध झाले. त्या वृत्तावर दुष्काळ म्हणून हळहळ व्यक्त झाली. वर मांडलेले गणित पाहता, दुष्काळातही या मुलांच्या वाट्याचे पाणी जलाशयात होते.

समांतर जलवाहिनी : वाद आणि वादाबाहेर राहिलेले

२००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड यांची निवड झाली. औरंगाबादला लहान व मध्यम शहरांसाठीच्या योजनेतून निधी मिळाला. त्यातून आकारास आलेली ‘समांतर’ जलवाहिनी योजना खासगी सहभागाने राबविण्याचा करार २०११ मध्ये झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीकडे सोपविण्यात आला. दोन वर्षांत असंतोष शिगेला पोहोचला आणि २०१६ मध्ये करार संपुष्टात आला. करार झाल्यापासून तो संपेपर्यंत पाच वर्षे गेली आणि नाथसागरापासून शहरापर्यंतची नवी वाहिनी काही झाली नाही.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. विरोधकांचे म्हणणे असे होते की पाणी हा हक्क आहे, त्याचा व्यापार होऊ नये आणि महापालिकेने आपले संवैधानिक कर्तव्य ठेकेदाराच्या गळ्यात घालू नये. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्याचा समावेश आहे, हे लक्षात घेता या म्हणण्यात तथ्य होते. समर्थकांचा युक्तिवाद असा होता की महापालिकेजवळ पैसा नाही आणि कौशल्यही नाही. यातही तथ्य होते. परंतु दोन्ही पक्ष ‘कोणी चालवायचे’ यावर भांडत राहिले. ‘काय चालवायचे’ हा प्रश्न बाजूला पडला. खासगीकरणाला विरोध करताना मीटरलाही विरोध झाला आणि कराराबरोबर मीटरही हद्दपार झाले. वास्तविक मीटर हे खासगी कंपनीचे हत्यार नव्हे. प्रत्येक विभागात किती पाणी गेले आणि किती पोहोचले हे नागरिकाला दाखवू शकणारे ते एकमेव साधन आहे. मीटर नसताना महापालिका गळतीची जी टक्केवारी सांगते, तिला अंदाजापलीकडे किंमत नसते. आणि अंदाजावर कोणाला जाब विचारता येत नाही.

ठोक पाणीपट्टीचेही असेच आहे. वर्षाला ४,०५० रुपये घेऊन पन्नास-साठ दिवस पाणी देणे हे अन्यायकारक होते, म्हणून ती निम्मी करण्याची मागणी लोकांनी केली व ती मान्य झाली. राजकीयदृष्ट्या हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे दिवस वाढले नाहीत, उत्पन्न मात्र घटले. अर्धे पैसे द्या आणि अर्धी सेवा घ्या, अशा करारावर शहर आणि महापालिका यांनी जणू सही केली.

मलकापूरचे उदाहरण

याच राज्यात याच काळात वेगळे काही घडले. कराडलगतच्या मलकापूर या छोट्या नगरपंचायतीत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी केली. तिचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. येथे खासगी कंपनी नव्हती, म्हणजे सार्वजनिक यंत्रणेला हे जमत नाही हा समज निराधार ठरतो. संगणकीय जलगणित करून वितरण जाळ्याची रचना केली गेली, प्रत्येक जोडणीस मीटर बसविले गेले आणि वापराच्या टप्प्यानुसार वाढत जाणारा दर ठरविला गेला. कमी वापरणाऱ्यास कमी आणि अधिक वापरणाऱ्यास चढत्या दराने, हे तत्त्व लोकांना पटवून देण्यात वेळ घालविला गेला. पाणी चोवीस तास असल्याने साठवण्याची गरज संपली, शिळे पाणी ओतणे थांबले.

मलकापूर लहान आहे, कोयनेच्या काठी आहे, नवे जाळे टाकणे तेथे तुलनेने सोपे होते. त्याची नक्कल लाखोंच्या शहरात जशीच्या तशी होणार नाही. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा येथील निवडक विभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झाले, पण संपूर्ण शहरात ते नेण्यास पुढे दीर्घ काळ लागला. नागपूरमध्ये धरमपेठेतील प्रयोगानंतर सारे शहर खासगी सहभागाखाली आणले गेले, तरी चोवीस तासांचे उद्दिष्ट ठरलेल्या मुदतीत सर्वत्र गाठता आले नाही. प्रयोग यशस्वी होतो आणि विस्तार अडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रयोगासाठी निवडलेल्या विभागाला भरपूर पैसा, उत्तम अभियंते आणि वरिष्ठांचे लक्ष मिळते. विसाव्या विभागाची पाळी येईपर्यंत अधिकारी बदललेले असतात. तरीही विभागवार जाण्याला पर्याय दिसत नाही. मोजता येईल एवढा विभाग वेगळा करून त्याची आवक-जावक ताळ्यात आणल्याशिवाय सबंध शहराचे जाळे कोणालाच सुधारता येणार नाही.

नवी योजना आणि जुने प्रश्न

डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च सुमारे २,७४० कोटींपर्यंत गेला आणि तिला केंद्राच्या अमृत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याची जोड मिळाली. अडीच मीटर व्यासाची मुख्य वाहिनी हे तिचे ठळक वैशिष्ट्य. कामाच्या विलंबाची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घेतली आणि प्रगतीवर देखरेख ठेवली. न्यायालयाला एका पाणीपुरवठा योजनेच्या पाइपांची संख्या मोजावी लागावी, यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

योजना आवश्यक होती. जुन्या वाहिन्यांचे आयुष्य संपले होते आणि त्या वारंवार फुटत होत्या. आक्षेप आहे तो योजनेभोवतीच्या चर्चेवर. वृत्तपत्रांत, सभागृहात, न्यायालयात मुख्य वाहिनी, जलाशयातील उद्भव विहीर आणि जलकुंभ यांविषयी जितके बोलले गेले, तितके वितरणाविषयी, मीटरविषयी आणि देखभालीच्या खर्चाविषयी बोलले गेले नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवांचे मानदंड प्रसिद्ध केले. त्यांत माणशी १३५ लिटर हा एक मानदंड आहे. चोवीस तास पुरवठा, शंभर टक्के मीटर, बेहिशेबी पाणी २० टक्क्यांच्या आत आणि चालविण्याच्या खर्चाची पूर्ण वसुली हे त्याच यादीतले आहेत. आपण पहिला मानदंड उचलला आणि उरलेले यादीतच ठेवले. राज्य शासनाने सुजल निर्मल अभियानात जललेखा परीक्षण, ऊर्जा परीक्षण, ग्राहक सर्वेक्षण आणि भौगोलिक नकाशे यांस अग्रक्रम दिला होता. क्रम योग्य होता; त्यावर मोठ्या बांधकामाइतका निधी आणि उत्साह मात्र कधीच खर्ची पडला नाही. जललेखा परीक्षणाच्या अहवालाचे उद्घाटन करता येत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

सांडपाण्याचा प्रश्न याहूनही मागे राहिला आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे नियोजनात धरले जाते. पुरवठा दुप्पट झाला की सांडपाणीही दुप्पट होते. शहरातून वाहणाऱ्या खाम नदीचे पाणी अखेर नाथसागरास मिळते. शहर जेथून पाणी उचलते, त्याच जलाशयात ते आपले सांडपाणी परत करते. शुद्धीकरण न करता अधिक पाणी आणण्याचा परिणाम काही वर्षांनी फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात दिसू लागेल.

शेवटी हस्तांतराचा मुद्दा येतो. योजना बांधणार महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि चालविणार महापालिका. राज्यातील अनेक योजना याच सांध्यावर निखळल्या आहेत, कारण बांधणाऱ्याला चालविण्याची चिंता नसते आणि चालविणाऱ्याने आराखडा वाचलेला नसतो. वाहिन्या, झडपा आणि जोडण्या यांचा संपूर्ण नकाशा, प्रत्येक जलकुंभाच्या मुखाशी चालू असलेला मीटर आणि किमान एका उन्हाळ्याच्या विभागवार नोंदी हाती आल्याशिवाय महापालिकेने योजना ताब्यात घेऊ नये. ताबा घेतल्यावर त्या नोंदी दर महिन्याला प्रभागनिहाय जाहीर कराव्यात. कोणत्या जलकुंभातून किती पाणी निघाले, कोणत्या वसाहतीला किती तास मिळाले आणि किती पाण्याचे देयक निघाले, हे तीन आकडे पाणीपट्टीच्या पावतीमागे छापण्यास फारसा खर्च येत नाही.